भाकर एक, ताट वेगळे



पवित्र भूमीची यात्रा करून आलेली माणसे जैतुनाच्या लाकडाचे क्रूस, जपमाळा आणि यार्देन नदीचे पाणी घेऊन येतात. तेथली एक गोष्ट मात्र पिशवीत घालून आणता येत नाही. ती म्हणजे भट्टीतून नुकतीच निघालेली भाकर. पिटा या नावाने ती आज जगभर ओळखली जाते. अरबी भाषेत तिला साधे 'खुब्ज', म्हणजे भाकर, असेच म्हणतात. गव्हाचे पीठ, पाणी, मीठ आणि खमीर एवढेच तिचे साहित्य. रसरसलेल्या भट्टीत ती गेली की पिठातल्या पाण्याची वाफ होते, वरचा आणि खालचा पापुद्रा सुटा होतो आणि भाकर टम्म फुगते. आपल्या आयाबहिणींना हे समजावून सांगायला नको. फुलका फुगतो तो याच कारणाने. दीड-दोन मिनिटांत ती भाजून होते आणि संध्याकाळपर्यंत चिवट होते. म्हणून ती रोज भाजावी लागते आणि रोज आणावी लागते.

तिच्या जोडीला असते हम्मस. अरबीत या शब्दाचा अर्थच मुळी चणा. काबुली चणे रात्रभर भिजवायचे, बोटाने चिरडतील इतके मऊ शिजवायचे आणि तिळाचा वाटलेला गोळा, लिंबू, लसूण व मीठ घालून गुळगुळीत घोटायचे. पसरट वाडग्यात ते कडेकडेने पसरतात, मध्ये खळगा करतात आणि त्यात ऑलिव्हचे तेल ओततात. चांगली दुकाने सकाळी लवकर उघडतात आणि पातेले संपले की दुपारीच बंद होतात.

२०१८ साली आम्ही काही यात्रेकरू जेरुसलेमच्या जुन्या शहरातील अशाच एका छोट्या दुकानात न्याहारीला गेलो होतो. चार-पाच टेबले, शेजारी भट्टी. एक मुलगा पळत जाऊन कागदात गुंडाळलेल्या गरम भाकरी आणत होता. आम्ही चमचे मागितले. मालक हसला. त्याने भाकरीचा तुकडा तोडला, त्याचा द्रोण केला आणि वाडग्यातून घास कसा टिपायचा ते दाखवले. चौघांत मिळून त्याने एकच वाडगा ठेवला होता. आमच्यातल्या एक मावशी म्हणाल्या, "फादर, हे तर आपलं पिठलंच. फक्त फोडणी द्यायची राहिली!" सगळे हसलो. पलीकडच्या टेबलावर अरबी बोलणारे दोन म्हातारे बसले होते. त्यांच्या पलीकडे हिब्रू बोलणारे दोन तरुण होते. भाकर एकाच भट्टीची, हम्मस एकाच पातेल्यातले. परंतु त्या दोन टेबलांवरची माणसे एकमेकांकडे पाहतदेखील नव्हती.

त्यावरून जो प्रश्न पडला तो आज तुमच्यापुढे ठेवतो. एकच अन्न खाणारी माणसे एकमेकांची कोणी लागतात का?

हम्मस कोणाचे?

या प्रश्नाकडे जाण्यापूर्वी त्या भागात गाजलेला एक वाद पाहू. इस्राएलमधील कंपन्या हम्मस आपले म्हणून जगभर विकतात, अशी तक्रार २००८ साली लेबनॉनमधील उद्योजकांच्या संघटनेने केली. 'फेटा' हे नाव जसे फक्त ग्रीसमधील चीजलाच लावता येते, तसे हम्मस हे नाव लेबनॉनसाठी राखून ठेवावे, अशी त्यांची मागणी होती. तसे काही झाले नाही. मग स्पर्धा सुरू झाली ती विक्रमांची. २००९ साली बैरुतमध्ये सुमारे दोन टन हम्मस एकाच वेळी तयार करण्यात आले. जानेवारी २०१० मध्ये इस्राएलमधील अबू घोश या अरब गावाने चार टनांचा विक्रम केला. एवढे हम्मस मावेल असे भांडे कोठून आणणार? त्यांनी उपग्रहाचे संदेश पकडणारी भलीमोठी तबकडी आणली आणि तिचेच ताट केले. त्याच वर्षी मे महिन्यात लेबनॉनने १०,४५२ किलो हम्मस करून विक्रम परत घेतला. हा आकडा मुद्दाम निवडला होता, कारण लेबनॉनचे क्षेत्रफळ १०,४५२ चौरस किलोमीटर आहे. जणू देशाच्या प्रत्येक चौरस किलोमीटरमागे एक किलो.

ऐकायला गंमत वाटते. परंतु ज्यांची जमीन, घर, गावाचे नाव हातचे गेले आहे, त्यांच्या दृष्टीने आईच्या हातचा पदार्थही दुसऱ्याच्या नावावर जाणे ही गंमत नसते. त्या तक्रारीमागचे दुःख खरे आहे. तरीही 'हे आमचे आहे' हा दावा कुठपर्यंत टिकतो?

हम्मसचा एक घास घ्या आणि तो कोठून कोठून आला ते पाहा. चणा माणसाने प्रथम पेरला तो आजच्या तुर्कस्तानच्या आग्नेय भागात. तीळ मात्र आपल्या भारतीय उपखंडातला. तो येथून पश्चिमेकडे गेला. लिंबूही पूर्वेकडूनच तिकडे पोहोचले. उलट, तिकडचा चणा हजारो वर्षांपूर्वी आपल्याकडे आला आणि असा रुजला की आज जगात सर्वांत जास्त चणा भारतात पिकतो. आपली पुरणपोळी, पिठले, भजी ही त्या पाहुण्याचीच लेकरे. आणि आपला वडापाव? त्यातले बेसन मूळच्या पश्चिम आशियातल्या चण्याचे, बटाटा दक्षिण अमेरिकेतून आलेला आणि पाव पोर्तुगीजांनी आणलेला. तरीही वडापाव आपलाच आहे, याविषयी कोणाच्या मनात शंका नाही.

याचा अर्थ असा की अन्न कोणाचे तरी असते ते ज्याने ते रांधले, वाढले, लेकरांना भरवले त्याचे. त्याचे श्रेय त्याला मिळालेच पाहिजे. पण ते फक्त त्याचे कधीच नसते. प्रत्येक भाकरीच्या पाठीमागे कितीतरी अनोळखी हातांचे देणे असते.

एकच अन्न, तरीही वैर

येथे एक गोड निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. सर्वांचे अन्न एकच, तेव्हा सर्व भाऊभाऊ! असे म्हटले की लेखही संपतो आणि कोणाला काही करावेही लागत नाही. परंतु वस्तुस्थिती तशी नाही. हम्मस आणि पिटा सीमेच्या दोन्ही बाजूंना खाल्ले जाते. त्यामुळे तिथली एकही बंदूक खाली ठेवली गेलेली नाही.

७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासने केलेल्या हल्ल्यात इस्राएलमधील सुमारे बाराशे माणसे मारली गेली आणि अडीचशेच्या आसपास ओलीस नेली गेली. त्यांतले काही जण सुटून आले तेव्हा त्यांच्या अंगावर हाडे तेवढी उरली होती. त्यानंतरच्या युद्धात गाझामध्ये हजारो माणसे, त्यांत असंख्य लहान मुले, मरण पावली. २ मार्च २०२५ पासून इस्राएलने गाझात जाणारा माल थांबवला. महिना संपतासंपता संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक अन्न कार्यक्रमाच्या मदतीने चालणाऱ्या तेथील सर्व २५ बेकऱ्या बंद पडल्या. पीठ नव्हते, भट्टीला इंधन नव्हते. ऑगस्टमध्ये अन्नसुरक्षेच्या तज्ज्ञांनी गाझा शहर आणि त्याच्या परिसरात दुष्काळ असल्याचे जाहीर केले. त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये युद्धविराम झाला. पण त्याआधीच्या महिन्यांत काही मैलांच्या अंतरावर एका बाजूला भट्ट्या पेटलेल्या होत्या आणि दुसऱ्या बाजूला विझलेल्या. भाकर दोन्हीकडे तीच, तिची कृतीही तीच.

तेव्हा एक भेद नीट लक्षात घेतला पाहिजे. एकच अन्न खाणे वेगळे आणि एकत्र अन्न खाणे वेगळे. सारखी भाकर दोन घरांत शिजते, म्हणून ती घरे जोडली जात नाहीत. जोडणी होते ती एका ताटात हात पडल्यावर. जेरुसलेमच्या त्या दुकानात भट्टी एक होती, पण वाडगे वेगळे होते.

खाल्ल्या मिठाचे देणे

मग एका ताटात हात पडल्याने नेमके काय होते? अरबांमध्ये एक जुनी समजूत आहे. दोघांनी मिळून भाकर आणि मीठ खाल्ले की त्यांच्यात एक बंधन निर्माण होते. नंतर एकमेकांचा घात करणे हे मोठे पातक ठरते. ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटलने मैत्रीविषयी लिहिताना अशाच एका म्हणीचा आधार घेतला आहे. दोन माणसांनी मिळून पुरेसे मीठ खाल्ल्याशिवाय ती एकमेकांना ओळखू शकत नाहीत, असा तिचा आशय. आणि आपल्या मराठीत तर खाल्ल्या मिठाला जागावे असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. तीन वेगवेगळे समाज, तिघांनाही मीठच आठवावे, हा योगायोग नाही. मीठ पोट भरत नाही. ते चव देते आणि आठवण ठेवते.

यावर कोणी म्हणेल, "फादर, एका ताटात जेवूनही माणसे गळा कापतातच की!" खरे आहे. आपल्या प्रभूच्या अखेरच्या भोजनाचेच उदाहरण घ्या. ज्याने त्याला धरून दिले तो यहुदा त्याच ताटात हात घालत होता. प्रभूने स्वतः घास बुडवून त्याच्या हाती दिला आणि तो घास घेऊन यहुदा बाहेरच्या अंधारात निघून गेला. मग ताटाचा उपयोग काय?

शांतपणे विचार केला तर याच प्रसंगात त्याचे उत्तर आहे. त्या रात्री प्रभूला पकडायला हत्यारे घेऊन पुष्कळ लोक आले होते. त्यांना आपण शत्रू म्हणतो, अज्ञानी म्हणतो. विश्वासघातकी मात्र फक्त एकालाच म्हणतो. का? कारण बाकीचे त्याच्या ताटात जेवलेले नव्हते. परक्या माणसाला विश्वासघात करताच येत नाही, तो फार तर अपाय करू शकतो. एका ताटातल्या घासाने काहीतरी खरोखर निर्माण झाले होते, म्हणूनच ते मोडले गेले. मुळात नसलेले ऋण कोणी बुडवू शकत नाही.

म्हणजे एकत्र जेवण ही काही जादू नव्हे. माणूस आपोआप चांगला होईल, अशी हमी ते देत नाही. ते एक देणे निर्माण करते. फेडायचे की बुडवायचे, हे ज्याच्या त्याच्या हाती राहते.

वाडग्याजवळ कोणाला बोलावले?

पण आणखी एक अडचण उरते. देणे जर एका ताटात जेवणाऱ्यांपुरतेच असेल, तर सोपा मार्ग हाच की नको त्या माणसाला ताटाजवळ येऊच द्यायचे नाही! ज्याच्याबरोबर जेवलो नाही, त्याचे आपण काहीच लागत नाही. गाझाच्या विझलेल्या भट्ट्यांविषयी मग कोणालाच काही वाटायला नको.

ख्रिस्तसभेच्या गुरुजनांनी ही पळवाट फार पूर्वीच बंद केली आहे. चौथ्या शतकात कैसरियाचे महागुरू संत बेसिल यांनी धनवंतांना बजावले की, तुम्ही कोठारात राखून ठेवलेली भाकर ही उपाशी माणसाची आहे. ती तुम्ही त्याला देत नाही तेव्हा तुम्ही त्याचे त्यालाच नाकारत असता. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी हीच गोष्ट तत्त्वज्ञानाच्या भाषेत मांडली. मालमत्ता बाळगण्याचा हक्क त्यांना मान्य होता. पण जीव जाण्याची वेळ येते तेव्हा अन्न सर्वांचे होते, आणि अशा माणसाने ते उचलले तर ती चोरी ठरत नाही, असे त्यांनी स्पष्ट म्हटले. म्हणजे भूक हाच एक हक्क आहे. त्यासाठी ओळख लागत नाही, आधी एकत्र जेवलेले असावे लागत नाही. ताटापासून कोणाला दूर ठेवून आपण ऋणमुक्त होत नाही. उलट, दूर ठेवणे हेच आपल्या नावावरचे पहिले कर्ज होते.

पवित्र शास्त्रात याचे एक सुंदर उदाहरण आहे, आणि ते घडते बेथलेहेममध्ये. हिब्रू भाषेत बेथलेहेम म्हणजे भाकरीचे घर. गंमत अशी की अरबी भाषेत त्याच नावाचा अर्थ मांसाचे घर असा होतो. दोन बहिणी-भाषांत एकच शब्द, एकीकडे भाकर झाला आणि दुसरीकडे मांस. तर या बेथलेहेमच्या शेतात रूथ नावाची एक मवाबी बाई कापणी करणाऱ्यांच्या मागून सांडलेली कणसे वेचत होती. परक्या देशाची, परक्या जातीची, विधवा, आणि सासूला घेऊन आलेली. जेवणाची वेळ झाली तेव्हा शेताचा मालक बवाज याने तिला जवळ बोलावले, कापणी करणाऱ्यांच्या बाजूला बसवले आणि आपल्याच भांड्यात तिला घास बुडवायला सांगितले. ती पोटभर जेवली आणि तिला उरलेदेखील.

त्या भांड्यात काय होते? मूळ हिब्रू शब्दाचा अर्थ बहुतेक अभ्यासक आंब किंवा सिरका असा करतात. इस्राएलमध्ये काहींनी मात्र असा दावा केला की ते हम्मसच होते, म्हणून हम्मस पवित्र शास्त्राच्या काळापासून आमचेच! अशी ही आपणा माणसांची तऱ्हा. भांड्यात काय होते यावर आपण वाद घालतो आणि भांड्याजवळ कोणाला बोलावले होते ते विसरतो. बवाजने बोलावले एका परक्या मजूर बाईला. तिच्याच वंशात पुढे दावीद राजा जन्मला, आणि संत मत्तयने प्रभू येशूच्या वंशावळीत तिचे नाव आवर्जून घेतले.

आणखी एक योग पाहा. ज्या अबू घोश गावाने चार टन हम्मसचा विक्रम केला, ते जेरुसलेमच्या पश्चिमेला दहा-बारा किलोमीटरवर आहे. क्रूसयुद्धाच्या काळातील ख्रिस्ती लोकांनी याच गावाला शुभवर्तमानातील एम्माऊस मानले होते. त्या काळातील चर्च तेथे अजून उभे आहे. एम्माऊसच्या वाटेवर दोन शिष्यांबरोबर एक अनोळखी वाटसरू चालला होता. संध्याकाळ झाली म्हणून त्यांनी त्याला आग्रहाने थांबवून घेतले. रस्ताभर त्यांनी त्याला ओळखले नाही. ओळखले ते भाकर मोडताना. त्यांनी त्याला वाटेवरच निरोप दिला असता, तर आपल्यासोबत कोण चालत होते हे त्यांना कळलेही नसते.

आपल्या घरातील वेगळा कप

जेरुसलेमच्या त्या दुकानातील वेगळी टेबले पाहून आपण हळहळतो. पण वेगळे ताट ही गोष्ट आपल्याला शिकायला तेथे जावे लागत नाही. मराठीत तर त्यासाठी एक स्वतंत्र शब्दच आहे, रोटीव्यवहार. कोणी कोणाच्या हातचे खायचे आणि कोणाला पंगतीत बसवायचे नाही, यावर आपला सगळा समाज शतकानुशतके बांधला गेला. १९२७ साली महाडच्या चवदार तळ्याचे ओंजळभर पाणी पिण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना हजारो माणसांना घेऊन सत्याग्रह करावा लागला. आपण ख्रिस्ती झालो म्हणून ही सवय वेशीबाहेर राहिली, असे छातीवर हात ठेवून सांगता येईल का?

आपल्या घरी धुणीभांडी करायला येणाऱ्या बाईला आपण चहा देतो. चहा तोच, आपण पितो त्याच पातेल्यातला. पण तिचा कप कोठे असतो? खिडकीत, मोरीजवळ, बाकीच्या कपांपासून वेगळा? वाडीत काम करणाऱ्या मजुराला आपण जेवण देतो, भाजीही आपलीच असते. पण तो कोठे बसून जेवतो? सणाच्या दिवशी आणि लग्नाच्या मांडवात वाढपी आणि भांडी घासणारे केव्हा जेवतात, आणि काय उरलेले जेवतात? रोज पहाटे सायकलवर पाव घेऊन येणारा भाऊ कित्येक वर्षे आपल्या दारात हाक मारतो आहे. त्याच्या हातची भाकर आपण रोज खातो. त्याचे नाव आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? पाऊस कोसळत असताना त्याला कधी कोणी आत बोलावले आहे का?

या माणसांवर आपण अन्याय करतो असे आपल्याला वाटत नाही, कारण आपण त्यांना अन्न देतो. परंतु अन्न देणे आणि ताटाशी बोलावणे यांत तोच फरक आहे, जो त्या दोन टेबलांत होता. अन्न दिले की आपण दाते होतो आणि तो घेणारा. शेजारी बसवले की मात्र दोघेही खाल्ल्या मिठाचे बांधील होतात. बहुधा म्हणूनच आपण ते टाळतो. एका ताटात जेवलेल्या माणसाची मजुरी नंतर अडवून ठेवता येत नाही. तो आजारी पडला तर दुसरा माणूस बघून मोकळे होता येत नाही.

प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेत आपण रोजची भाकर मागतो, तेव्हा 'माझी' म्हणत नाही, 'आमची' म्हणतो. या 'आमची'मध्ये कोण कोण बसते, एवढाच खरा प्रश्न आहे. आज आपण वेदीजवळ रांगेने याल. तेथे सर्वांसाठी एकच भाकर मोडली जाते. मालक आणि गडी, जुने रहिवासी आणि काल आलेले भाडेकरू, सगळे त्याच भाकरीचे वाटेकरी होतात. तेथे कोणाचा कप वेगळा नसतो. मग चर्चच्या दारातून बाहेर पडल्यावर घरी पोहोचेपर्यंत तो वेगळा कसा होतो?

या आठवड्यात प्रत्येक घराने एक काम करावे. मोठे काही नाही. तो वेगळा कप बाकीच्या कपांत ठेवावा, आणि आपल्या घरी कामाला येणाऱ्या एका माणसाला आपल्याच टेबलाशी, आपल्याच शेजारी बसवून जेवू घालावे. त्याच्याशी बोलावे, त्याचे गाव विचारावे, मुलांची नावे विचारावीत. हे परोपकार म्हणून करू नये. त्याची आणि आपली भाकर एकाच भट्टीतली आहे आणि त्याचे देणे आपल्याकडे कधीचे थकले आहे, म्हणून करावे.

प्रभू तुम्हा सर्वांना आशीर्वाद देवो.

तुमचा,
प्रमुख धर्मगुरू